नागलीच्या पट्ट्यातली माती

सुका दुमाडाची माझी पहिली ओळख झाली ती त्याच्या मातीच्या वजनावरून. माणूस नंतर कळला, आणि तोही मी शुक्रवार सोडून दुसऱ्या वारी गेलो म्हणून.

मी आत्माराम. मूळचा परभणीचा, पण बोईसरला येऊन तीस वर्षं झाली. त्यातली सव्वीस एका रसायनांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. मग कारखान्याने आपलं बिऱ्हाड गुजरातला हलवलं आणि मला हलवायचं विसरला. घरी बसलो असताना प्रियदर्शिनी मॅडमनी कामाला घेतलं. मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. वडील वीज केंद्रात नोकरीला, म्हणून त्या तिथल्याच कॉलनीत वाढलेल्या. मला काका म्हणायच्या, पण चुका माझ्या आईसारख्या काढायच्या. डोंगरउताराची जमीन कशासाठी वापरली की पावसात किती माती वाहून जाते, हे त्यांना मोजायचं होतं. मी गढूळ पाणी गाळायचं, खाली राहिलेली माती भट्टीत वाळवायची आणि तोलायची. तीन दशांश स्थळांपर्यंत. कारखान्यात सव्वीस वर्षं मी ज्या पावडरी तोलल्या त्या कशाच्या होत्या हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. इथे निदान माती आहे एवढं माहीत होतं.

बोईसरहून मनोरच्या अंगाला गेलं की टेकड्या लागतात. त्यातल्या एकीच्या पोटाशी सुकाचा पाडा आहे. मॅडमनी तिथे तीन पट्टे आखले होते, प्रत्येक बावीस मीटर लांब आणि दोन मीटर रुंद. एक सुकाच्या नागलीत, म्हणजे नाचणीच्या शेतात. दुसरा शेजारच्या गवताच्या पडीक जागेत. तिसरा वर माथ्यावर, जिथे मुंबईच्या कुणा माणसाने फार्महाऊससाठी जागा घेऊन जेसीबीने झाडंझुडपं साफ केली होती, फाटक बसवलं होतं आणि मग तो आलाच नव्हता. पट्ट्याच्या तिन्ही बाजूंना पत्रे रोवलेले, म्हणजे बाहेरचं पाणी आत येणार नाही. खालच्या बाजूला पन्हळ आणि पन्हळीखाली निळा ड्रम. पाऊस पडला की पट्ट्यावरचं पाणी माती घेऊन ड्रममध्ये उतरणार. मग काठीने पाणी किती भरलं ते मोजायचं, चांगलं ढवळून एक बाटली भरायची, ड्रम रिकामा करून धुवायचा आणि पुढच्या पावसाची वाट बघायची.

हे काम सुकाकडे होतं. चाळिशीचा माणूस, अंगाने काटक. मी चार वाक्यं बोललो की तो एक बोलायचा, त्यात निम्मं 'हां' असायचं. पण काम चोख. दर शुक्रवारी मी स्कूटरवरून जायचो तेव्हा बाटल्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, ड्रम ताटासारखे लख्ख. वरच्या फार्महाऊसचा ड्रम मात्र तो जेमतेम विसळायचा. मी विचारलं तर म्हणाला, "तो काय आमचा नाय." मला वाटलं, मालकाबद्दल बोलतोय.

पहिल्या वर्षी सुकाच्या नागलीच्या पट्ट्यातून एका हेक्टरला एकतीस टन या हिशेबाने माती गेली. दुसऱ्या वर्षी अठ्ठेचाळीस. तिसऱ्या वर्षी श्रावण सरतानाच आकडा साठाच्या घरात पोचला. त्या उघड्याबोडक्या फार्महाऊसच्या जागेवरून चाळीस टन जात होती आणि सुकाच्या हिरव्यागार नागलीतून साठ. मॅडम मला म्हणाल्या, "काका, काटा तपासून घ्या." मी काटा तपासला, भट्टी तपासली, मॅडमवर तीन दिवस रागावलो. माझ्या काट्यात चूक नव्हती. सव्वीस वर्षांत कधी नव्हती.

आणखी एक त्रास होता. मॅडमनी प्रत्येक पट्ट्यात लोखंडी गजाचे वीस तुकडे ठोकले होते, डोकं जमिनीबरोबर ठेवून. माती गेली की गजाचं डोकं वर दिसायला लागतं. फार्महाऊसच्या जागेतले गज नखाएवढे वर आले होते. सुकाच्या पट्ट्यातले होते तिथेच. साठ टन माती गेली आणि जमीन खाली गेली नाही. मॅडमनी सुकाला विचारलं, कुणी गज आत ठोकतं का? सुका म्हणाला, "नाय ताई, कोन ठोकल?" मॅडमनी वहीत लिहिलं, गज अविश्वसनीय.

एवढ्यावर निभावलं असतं. पण मॅडमच्या कामावर पालघरला एक समिती होती आणि समितीवर एक साहेब होते. साहेबांना संशोधनाचा काही उपयोग झालेला बघायची घाई होती. ते आकडे वाचून त्यांनी अहवालाच्या मसुद्यात एक वाक्य घालायला लावलं. उतारावरची नागलीची शेती हे इथली माती वाहून जाण्याचं मुख्य कारण आहे, तेव्हा अशा उतारांवरची नांगरट थांबवून तिथे काजू लावावा. त्यासाठी पहिली टेकडी कुठली घ्यायची तेही ठरलं होतं.

त्या टेकडीवर सुकाचा सव्वा एकराचा वनपट्टा होता, वनहक्क कायद्याने कसायला मिळालेली जमीन. त्याच्या बापाने अर्ज केला होता आणि मुलाच्या हातात कागद आला होता. तिथली नागली आणि वरई घरात सहा महिने पुरायची. खाली भाताचं एक छोटं खाचर होतं, ते उरलेले महिने कसेबसे ओढायचं. म्हणूनच सुका आणि त्याची बायको लाडकी दिवाळीनंतर पाड्यावर राहत. त्याचे दोघे भाऊ बायकापोरांसह भिवंडीकडे वीटभट्टीवर जात. एक भाऊ तिथेच खोकून खोकून गेला. काजूला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात. तेवढ्या वर्षांत सुका कुठे असेल हे सांगायला समितीची गरज नव्हती.

मला हे वाक्य वाचून वाईट वाटलं, पण खरं सांगतो, मी त्यावर विश्वास ठेवला. माझ्याच काट्यावरचा आकडा होता. नागली लावणारे उतार उघडे पाडतात, हे मी बोईसरला दोन-चार जणांना शहाणपणाने सांगितलंसुद्धा.

मग एका मंगळवारी बाटलीची एक चिठ्ठी भिजून वाचता येईना म्हणून मी पाड्यावर गेलो. सकाळी जोराची सर येऊन गेली होती. घरी कुणी नव्हतं. पट्ट्यापाशी गेलो तर सुका ड्रमवर वाकलेला. त्याने बाटली भरून बाजूला ठेवली होती. ड्रममधलं पाणी निवळू दिलं होतं आणि वरचं नितळ पाणी तो लोटीने काढून टाकत होता. तळाला लोण्यासारखी मऊ लाल माती राहिली. ती त्याने दोन्ही हातांनी पाटीत भरली, ड्रमच्या कडा बोटाने निपटून घेतल्या आणि पाटी लाडकीच्या डोक्यावर दिली. ती चढून पट्ट्याच्या वरच्या टोकाला गेली आणि नागलीच्या बुडख्यांशी एकेक मूठ घालून हाताने थापू लागली. पत्र्याच्या आत.

मी तिथेच एका दगडावर बसलो.

"सुका," मी म्हटलं, "हे काय करतो आहेस?"

"ड्रम रिकामा करतो, भाऊ."

"ही माती वर कुठे नेतेय ती?"

"हिची जागा हाय तिथं." मग मला समजलं नाही असं वाटून त्याने नीट सांगितलं. "मापून झाली ना. बाटली भरली. मंग आमची आमाला."

"असं किती वेळा केलंस?"

"मापली का टाकली. दर बारीला."

"तीन वर्षं?"

"हां."

मी कपाळाला हात लावला. वर टाकलेली भुसभुशीत माती पुढच्या पावसाला पहिल्यांदा उठत होती. ती पुन्हा ड्रममध्ये येत होती, पुन्हा बाटलीत येत होती आणि मी ती पुन्हा तीन दशांश स्थळांपर्यंत तोलत होतो. एकच माती, एका हंगामात दहा-पंधरा वेळा. सुकाने मातीचा कण वाया जाऊ दिला नाही म्हणून कागदावर तो तालुक्यातला सगळ्यात उधळ्या शेतकरी ठरला होता. फार्महाऊसची माती कुणी उचलली नाही म्हणून तिथला आकडा बिचारा खरा होता.

"आम्ही सांगितलं होतं ना, ड्रम नाल्यात ओतायचा?" मी जरा आवाज चढवला.

लाडकी वरून खाली आली, पाटी उपडी करून झटकली आणि म्हणाली, "भाऊ, तुमी परभनीला माती नाल्यात टाकता?"

आमच्याकडे काळी जमीन हातभर खोल असते, म्हणून कुणी उचलत नाही, हे मला तिला सांगवलं नाही. या टेकडीवर वीतभर माती आणि खाली कातळ. नाल्यात ओता, असं आम्ही या लोकांना सांगितलं होतं आणि त्यांना ते इतकं बिनडोकपणाचं वाटलं की आपण चुकीचं ऐकलं असं समजून त्यांनी सोडून दिलं.

मॅडमना सांगताना मी आधी पाणी प्यायलो. त्यांनी ऐकून घेतलं. बराच वेळ वहीची पानं मागे उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे गज खरं सांगत होते." त्या पट्ट्याची तिन्ही वर्षं रद्द होती आणि त्यांचा प्रबंध त्याच पट्ट्यावर उभा होता. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. साहेब खूश होते, काजूची रोपं ठरली होती. मी तसं बोललोही, म्हणजे फक्त पहिलं अर्धं वाक्य. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की उरलेलं मी गिळलं.

त्या पालघरला गेल्या आणि समितीसमोर स्वतःची चूक स्वतः वाचून दाखवली. साहेबांनी सुकावर हसून घेतलं, मग हसणं संपल्यावर म्हणाले की वाक्य असं सहज काढता येणार नाही. आणखी एक पावसाळा देतो. तोच उतार, तीच नागली, नवीन पट्टा आखा आणि नीट मोजा. आकडा मोठा आला तर काजू, लहान आला तर वाक्य काढू. मात्र त्या माणसाने मातीला हात लावायचा नाही.

आम्ही दोघं ते सुकाला सांगायला गेलो. मॅडमनी सगळं सोपं करून सांगितलं. नांगरट बंद होऊ शकते हेही सांगितलं, कारण तोपर्यंत त्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. सुका उकिडवा बसून ऐकत होता.

"मंग ड्रममधली माती कुटं टाकायची?" त्याने विचारलं.

"नाल्यात," मॅडम म्हणाल्या. "सगळी. दर पावसानंतर."

"आनि आमी बघायची."

"हो."

"आमची नागली ठेवायला आमची माती फेकायची."

लाडकी चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "ताई शिकलेली हाय. ती सांगते तर खरं असल. पन मी नाय बघनार." आणि पावसाळाभर, ड्रम रिकामा करायची वेळ झाली की ती उठून खालच्या खाचरात निघून जायची. तिथे काम असो नसो.

नवीन पट्टा जुन्यापासून पंधरा हात सरकवून आखला. जूनमध्ये मी शुक्रवार सोडून दिला आणि पाऊस येईल तेव्हा जायला लागलो. सुकावर नजर ठेवायला, असं मॅडमना सांगितलं. खरं म्हणजे त्याने एकट्याने ते करावं असं मला वाटेना.

पहिल्या वेळी त्याने मोजलं, ढवळलं, बाटली भरली, चिठ्ठी बांधली. मग ड्रमच्या कडेला हात ठेवून उभा राहिला. मी म्हटलं, मी ओततो. तो म्हणाला, "नाय. माजी हाय." त्याने ड्रम नाल्याच्या काठाशी ओढत नेला आणि आडवा केला. लाल पाणी खळखळत गेलं. तळाचा थर तसाच चिकटून राहिला. तो धुवायला त्याला दोनदा पाणी आणावं लागलं. तिसऱ्यांदा त्याने ड्रमात हात घालून बोटाने कड निपटली, बोटावरच्या मातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बोट नाल्यात धुतलं.

असं सदतीस वेळा झालं. जुलैतल्या एका आठवड्यात रोज. तेव्हा सुकाला ताप होता, तरी तो डोक्यावर घोंगडं घेऊन यायचा. मी एकदा रागावून म्हटलं की एवढ्या तापात कशाला. तो म्हणाला, "तुमी ओतलं तर लोक म्हनतील भाऊनी काय केलं का कोन जाने. मीच ओततो. मंग खरं." या माणसाला आम्ही तीन वर्षांचे आकडे बिघडवणारा म्हणत होतो.

मला त्या दिवशी लाज वाटली, हे लिहून ठेवतो.

ऑक्टोबरात नागली कापल्यावर हिशेब झाला. सुकाच्या उतारावरून हेक्टरला नऊ टन. गवतातून चार. फार्महाऊसवरून त्रेचाळीस. मी ते आकडे चार वेळा करून पाहिले आणि चारही वेळा तेच आल्यावर मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "काका, पुन्हा एकदा सांगा." मी सांगितलं.

समितीसमोर मॅडमनी सुकालाही नेलं. तो टेबलाच्या टोकाशी, खुर्चीच्या कडेवर बसला होता, खुर्ची दुसऱ्या कुणाची तरी असावी असा. साहेबांनी आकडे पाहिले, चष्मा काढला आणि वाक्य खोडलं. नांगरट बंद करायचं बारगळलं. काजू दुसरीकडे गेला. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने सुकाला विचारलं, तुझ्या जमिनीतून इतकी कमी माती जाते आणि वरच्या जागेतून इतकी जास्त, हे कशामुळे? मॅडमकडे त्याचं सात पानी उत्तर होतं. सुका म्हणाला, "वरती कोन ऱ्हात नाय." साहेबांनी ते लिहून घेतलं की नाही, माहीत नाही.

बाहेर आल्यावर आम्ही चहा घेतला. सगळं मनासारखं झालं होतं. मॅडम पहिल्यांदाच दोन बिस्किटं खाताना दिसल्या. सुका कप हातात धरून बसला होता.

"भाऊ, नऊ टन म्हंजे माजी किती गेली?"

"ते हेक्टरचं झालं," मी म्हटलं. "तुझ्या पट्ट्यातून..." मी पाकिटावर आकडेमोड केली. "साडेएकोणचाळीस किलो."

"साडेएकोनचाळीस."

"म्हणजे फार नाही, सुका. सगळ्या पावसाळ्यात."

"माज्या हातानं गेली," तो म्हणाला. "बापानं एक पाटी जाऊ दिली नाय. मला लय वाईट वाटतं." एवढं सलग बोललेलं मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. मॅडमनी बिस्किट बशीत ठेवलं. मग त्याने विचारलं, "ताई, आता मापायचं झालं ना? पुरं?"

"पुरं झालं."

"मंग भाऊ, येताना तुमचा मोटा काटा आना."

शुक्रवारी पत्रे काढायला गेलो तेव्हा मी मोठा लटकता काटा बरोबर नेला. पत्रे निघाले, ड्रम टेम्पोत चढले. लाडकी खालच्या खाचरात उभी होती. वरून वाहून आलेली बारीक माती जिथे थरावर थर बसते तो कोपरा तिने कुदळीने उकरून ठेवला होता. कुठून घ्यायची ते तिने ठरवलं होतं, त्यात सुकाला मत नव्हतं. आंब्याच्या फांदीला काटा टांगला. सुका पाटी भरायचा, मी वाचायचो, मॅडम लिहायच्या. पाटीचं वजन वजा करायचं हे मॅडमच्या आधी लाडकीने सांगितलं. चार पाट्या झाल्या. एकेक तो उतार चढून वर नेत होता आणि पट्टा होता तिथे, कापलेल्या नागलीच्या धसांमध्ये पसरत होता.

पाचवी पाटी मी भरून घेतली आणि बेरीज केली. बरोबर साडेएकोणचाळीस.

"झाले, सुका," मी म्हटलं.

सुकाने पाटीतली मूठभर माती उचलून दाबली. बोटांमधून पाणी सुटलं.

"भाऊ, तुमी तोलली ती सुकी व्हती. भट्टीतली," तो म्हणाला. "ही ओली हाय."

सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेला माणूस तिथे उभा होता आणि त्याच्या लक्षात आलं नव्हतं. मी हिशेब केला. ओल धरून आणखी दहा किलो तरी लागणार होती. मॅडमनी वही मिटून बॅगेत टाकली, चपला बांधावर काढल्या आणि लाडकीच्या हातातली कुदळ घेतली. सहावी पाटी वर मी नेली.